दहाव्या दिवसाचा फोन

मिरजेत दवाखान्यांच्या भागातल्या मेडिकलसमोर सकाळी जी गर्दी असते, तिच्यात हृदयाचा नवा पेशंट लगेच ओळखू येतो. हातात हॉस्पिटलची पिशवी. पिशवीत डिस्चार्ज कार्ड, ईसीजीच्या पट्ट्या, अँजिओग्राफीची सीडी. पैसे द्यायला मुलगा किंवा जावई पुढे असतो. पेशंट स्वतः मागे बाकावर बसलेला असतो, मनगटावर सुईच्या जागी चिकटपट्टी. कार्डावर सात-आठ औषधांची नावं असतात. गेल्या आठवड्यापर्यंत या माणसानं तापाच्या गोळीपलीकडे काही घेतलेलं नसतं. आजपासून त्याला सकाळी चार आणि रात्री तीन गोळ्या घ्यायच्या आहेत, आणि त्यातल्या बहुतेक जन्मभर.

मिरजेला औषधोपचारासाठी यायची रीत जुनी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी इथे मिशन हॉस्पिटल उभं केलं, तेव्हापासून जत, कवठेमहांकाळ, अथणी, चिकोडी, पार विजापूरपर्यंतचे लोक इथे येतात. काउंटरवर मराठी चालते तितकीच कानडीही चालते. अशाच एका मेडिकलमध्ये एक फार्मासिस्ट बाई वर्षानुवर्षं काम करतात. गिऱ्हाइकं त्यांना ताई म्हणतात, म्हणून इथेही ताईच म्हणू.

ताईंचं एक निरीक्षण आहे. पहिल्या खरेदीवरून काही कळत नाही. घरचे घाबरलेले असतात, डॉक्टरांनी लिहिलेलं सगळं घेऊन जातात. खरं कळतं ते दुसऱ्या खरेदीला. पेशंट येतो का, वेळेवर येतो का, आणि आला तर यादीतलं काय काय वगळून मागतो. “सगळं नको ताई, ती लाल गोळी आणि बीपीची तेवढी द्या. बाकीच्या आहेत घरात.” महिन्याच्या गोळ्या नेलेल्या माणसाकडे चाळीस दिवसांनीही गोळ्या शिल्लक असतील, तर त्या पोटात गेलेल्या नाहीत एवढं गणित कुणालाही येतं. पण हे गणित करायला दोन्ही तारखा समोर असाव्या लागतात. त्या मेडिकलमध्ये असतात, डॉक्टरांकडे नसतात. डॉक्टर पेशंटला दीड-दोन महिन्यांनी बघतात आणि “गोळ्या चालू आहेत ना?” असं विचारतात. पेशंट मान हलवतो.

सगळ्यात धास्ती वाटावी असा पेशंट म्हणजे नुकती अँजिओप्लास्टी झालेला. लोक म्हणतात, “स्प्रिंग बसवली.” स्प्रिंग बसली, नळी मोकळी झाली, छातीतलं दुखणं थांबलं, मग गोळ्या कशाला, हा विचार साध्या माणसाला अगदी सरळ वाटतो. ताई अशा वेळी काउंटरवरच्या कागदावर नळी काढून दाखवतात. आत बसवलेली जाळी धातूची आहे, रक्ताला ती परकी वाटते. शरीर तिच्यावर हळूहळू आपलं अस्तर चढवतं, त्याला महिने लागतात. तोवर जाळीवर रक्ताची गुठळी धरू नये म्हणून अ‍ॅस्पिरिन आणि तिच्या जोडीला क्लोपिडोग्रेल, प्रासुग्रेल किंवा टिकॅग्रेलॉर यांपैकी एक गोळी असते. हार्ट अटॅकनंतर ही जोडी साधारण वर्षभर चालते. रक्तस्रावाचा धोका असलेल्यांना डॉक्टर कमी काळ देतात. मध्येच सोडली, तर जाळी एकाएकी बंद होऊ शकते, आणि तेव्हा येणारा अटॅक पहिल्यापेक्षा मोठा असू शकतो.

हे भीती घालण्यासाठी सांगितलेलं नाही. २००६ साली अमेरिकेत एक अभ्यास प्रसिद्ध झाला. हार्ट अटॅकनंतर औषधाचा लेप असलेली जाळी बसवलेल्या ५०० जणांची त्यात पाहणी होती. जवळजवळ सातातल्या एकानं पहिल्या ३० दिवसांतच जोडीतली दुसरी गोळी बंद केली होती. पुढच्या ११ महिन्यांत त्यांच्यापैकी ७.५ टक्के लोक मरण पावले. गोळी चालू ठेवलेल्यांत हे प्रमाण ०.७ टक्के होतं. गोळी सोडणारे कोण होते, तेही त्यात नोंदवलं आहे. वयानं मोठे, कमी शिकलेले, खर्चाच्या भीतीनं दवाखाना टाळणारे. आणि डिस्चार्जच्या वेळी औषधांविषयी सूचना मिळाल्याचं प्रमाणही त्यांच्यात कमी होतं. हा शेवटचा मुद्दा फार्मासिस्टनं मनावर घ्यावा असा आहे. वय आणि शिक्षण त्याच्या हातात नाही, सूचना मात्र आहे.

आता टिकॅग्रेलॉरचंच बघा. ही गोळी दिवसातून दोनदा घ्यावी लागते. सकाळची लक्षात राहते, रात्रीची राहते असं नाही. शिवाय तिच्यामुळे काही जणांना दम लागल्यासारखं होतं. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या मोठ्या चाचणीत १८ हजारांहून अधिक रुग्ण होते. त्यात टिकॅग्रेलॉर घेणाऱ्यांपैकी १३.८ टक्के लोकांनी दम लागत असल्याची तक्रार केली, तर क्लोपिडोग्रेल घेणाऱ्यांपैकी ७.८ टक्के लोकांनी. बहुतेकांना तो सौम्य असतो, सुरुवातीच्या दिवसांत जाणवतो आणि पुष्कळदा आपोआप ओसरतो. पण नुकताच अटॅक येऊन गेलेल्या माणसाला दम लागला तर त्याला काय वाटेल? एक तर पुन्हा अटॅक येतोय असं वाटेल, नाहीतर ही गोळीच आपल्याला मारते आहे असं वाटेल. आणि तो घरच्या घरी ती बंद करेल.

कवठेमहांकाळकडच्या एका द्राक्ष बागायतदारानं नेमकं हेच करायचं ठरवलं होतं. ताईंनी नेहमीप्रमाणे दहाव्या दिवशी फोन केला तेव्हा तो म्हणाला, “गोळी घेतली की छातीत हवा पुरंना झालीय. उद्यापासनं सोडणार हाय.” ताईंनी त्याला दोन-तीन गोष्टी विचारल्या. झोपल्यावर वाढतं का, पायाला सूज आहे का, चालताना छातीत दुखतं का. मग सांगितलं, “दादा, या गोळीनं असं होऊ शकतं, ते बऱ्याचदा कमी होतं. पण दम कशाचा आहे ते मी फोनवर ठरवू शकत नाही. आज रात्रीची गोळी चुकवू नका आणि सकाळी डॉक्टरांना दाखवा. बदलायची तर ते बदलून देतील. बंद मात्र करू नका.” तो गेला. डॉक्टरांनी तपासून, काळजीचं कारण नाही म्हणून तीच गोळी चालू ठेवली. या साऱ्या प्रकरणात महत्त्वाचं होतं ते फोनचं वेळेवर होणं. दोन आठवडे उशीर झाला असता, तर गोळी बंद झालेली असती आणि कुणालाही कळलं नसतं.

दहाव्या दिवशी फोन करायची ही पद्धत ताईंनी मनानं काढलेली नाही. त्यामागची गोष्ट लंडनमधली आहे. संशोधक निक बार्बर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुनाट आजारासाठी नवीन औषध सुरू केलेल्या लोकांना ठरावीक दिवसांनी प्रश्न विचारले. २००४ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. औषध चालू असणाऱ्यांपैकीही सुमारे ३० टक्के लोक दहाव्या दिवशीच ते सांगितल्याप्रमाणे घेत नव्हते. त्यांतल्या बऱ्याच जणांनी ते विसरून नव्हे, ठरवून चुकवलं होतं. कुणाला त्रास होत होता, कुणाला शंका होती, कुणाला माहिती अपुरी वाटत होती. मग याच मंडळींनी पुढचा प्रयोग केला. फार्मासिस्टनं नव्या औषधाच्या रुग्णाला फोन करायचा आणि त्याच्या अडचणी ऐकून घ्यायच्या. महिनाभरानं पाहिलं, तर औषध नीट न घेणाऱ्यांचं प्रमाण फोन झालेल्यांत ९ टक्के होतं आणि न झालेल्यांत १६ टक्के.

त्यावरूनच ऑक्टोबर २०११ मध्ये इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेनं नव्या औषधांसाठी एक योजना सुरू केली. औषध देताना पहिलं बोलणं, एक ते दोन आठवड्यांनी दुसरं, त्यानंतर दोन-तीन आठवड्यांनी तिसरं. या कामाचे पैसे दुकानाला सरकार देतं. सुरुवातीला रक्तदाब, मधुमेह, दमा आणि रक्त पातळ करणारी औषधं एवढंच त्यात होतं. सप्टेंबर २०२१ मध्ये हृदय अशक्त होण्याचा विकार, हृदयाच्या रक्तवाहिन्यांचे विकार आणि कोलेस्टेरॉल यांचीही भर पडली. नॉटिंगहॅम विद्यापीठाच्या पुढाकारानं ५०४ रुग्णांवर या योजनेची तपासणी झाली. दहा आठवड्यांनी नीट औषध घेणारे एरवी ६१ टक्के असायचे, या बोलण्यामुळे ते ७१ टक्के झाले. दहा टक्के फारसे वाटत नसतील. पण लक्षात घ्या, त्यासाठी नवं औषध शोधावं लागलं नाही की यंत्र आणावं लागलं नाही.

ताईंची पद्धत साधी आहे. काउंटरवर एक लांबट वही असते. ज्याला हृदयाची नवीन गोळी सुरू झाली, त्याला विचारून त्याचा नंबर, गोळीचं नाव आणि दहाव्या दिवसाची तारीख तीत लिहायची. दुपारी दोन ते चार गिऱ्हाईक कमी असतं, तेव्हा फोन करायचे. “गोळ्या घेताय ना?” हा प्रश्न त्या कधीच विचारत नाहीत, कारण त्याला “होय की” याशिवाय दुसरं उत्तर येत नाही. त्या म्हणतात, “काका, एवढ्या गोळ्या रोज म्हणजे एखादी चुकतेच. गेल्या आठवड्यात कुठली चुकली?” मग काका मोकळे होतात. सकाळी शेतावर जायच्या घाईत राहिली. लग्नाला गेलो होतो. गोळी उष्ण पडते. तोंडाची चव गेली. शेजारचे म्हणाले, एकदा सवय लागली की सुटत नाही. यातलं प्रत्येक उत्तर वेगळं आहे आणि प्रत्येकाला उपायही वेगळा. हे समजून न घेता सगळ्यांना “औषध वेळेवर घ्या” असं ऐकवणं म्हणजे पुढच्या वेळी खोटं बोलायला शिकवणं.

मेडिकलच्या काउंटरला आणखी एक फायदा आहे, जो कुठल्याही ओपीडीला नाही. माणूस चिठ्ठीशिवाय काय मागतो, तेही तिथे दिसतं. रॅमिप्रिल सुरू झालेल्या आजी तीन आठवड्यांनी खोकल्याची बाटली मागायला येतात. ताप नाही, कफ नाही, नुसती कोरडी ढास, रात्री जास्त. बाटली देऊन पैसे घेणं सोपं आहे. पण रॅमिप्रिलच्या जातीच्या गोळ्यांनी काही जणांना असा कोरडा खोकला येतो, आणि तो कितीही बाटल्या प्यायल्या तरी जात नाही. शेवटी आजी खोकल्याला कंटाळून गोळीच सोडतात. ताई अशा वेळी बाटली न देता डॉक्टरांना चिठ्ठी लिहून देतात. वेगळ्या गटातली गोळी दिली की बहुतेक वेळा प्रश्न सुटतो. गुडघेदुखीच्या गोळ्यांचंही तसंच. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामकांनी शरीरात पाणी साठतं, आणि अशक्त हृदयाच्या माणसाला त्यानं पुन्हा ॲडमिट व्हायची वेळ येऊ शकते. गिऱ्हाईक रागावून पलीकडच्या दुकानात जाईल, हे माहीत असूनही ताई ती गोळी देत नाहीत. हा निर्णय धंद्याच्या हिशेबात बसत नाही. तरी तोच बरोबर आहे.

गेल्या काही वर्षांत हृदय अशक्त झालेल्यांच्या चिठ्ठ्या पार बदलल्या आहेत. पूर्वी लघवीची गोळी, रॅमिप्रिल, मेटोप्रोलॉलसारखी एखादी गोळी असं चालायचं. आता सॅक्युबिट्रिल-वल्सार्टन आणि डॅपाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन ही नावं नेहमीची झाली आहेत. औषधं गुणकारी आहेत, पण प्रत्येकाबरोबर एक नवा गोंधळ येतो.

डॅपाग्लिफ्लोझिन मुळात मधुमेहाचं औषध. २०१९ च्या मोठ्या चाचणीत दिसलं की मधुमेह असो वा नसो, अशक्त हृदयाला त्याचा फायदा होतो. त्या चाचणीतल्या निम्म्याहून अधिक रुग्णांना मधुमेह नव्हताच. पण घरी गेल्यावर कॉलेजातला नातू मोबाइलवर गोळीचं नाव टाकतो आणि सांगतो, “आजोबा, ही तर शुगरची गोळी आहे.” आजोबांना शुगर नाही. म्हणजे डॉक्टर चुकले, नाहीतर मेडिकलवाल्यानं भलतीच गोळी दिली! दुसऱ्या दिवसापासून ती पाकिटातच राहते. म्हणून ताई आता ती देतानाच सांगतात, “घरात कुणी म्हणेल ही शुगरची गोळी आहे. तुम्हाला ती हृदयासाठी दिलीय. शुगर नसलेल्यांनाही देतात.” आणखी एक गोष्ट त्या आवाज खाली आणून, बायकांना बाजूला घेऊन सांगतात. या गोळीनं लघवीतून साखर जाते, त्यामुळे तिथल्या जागी खाज किंवा बुरशीचा संसर्ग होऊ शकतो, स्वच्छता ठेवा, झालाच तर लाजू नका, उपाय आहे. हे कुणी सांगितलं नाही, तर बाई कुणाला काही न बोलता गोळी बंद करते. जिथे लाज आडवी येते, तिथे स्त्री फार्मासिस्ट असण्याचं मोल फार मोठं आहे.

सॅक्युबिट्रिल-वल्सार्टनची अडचण वेगळी. ही गोळी आणि रॅमिप्रिल किंवा एनालाप्रिल एकत्र चालत नाहीत. दोन्हींमध्ये निदान ३६ तासांचं अंतर हवं, नाहीतर चेहरा, जीभ, घसा सुजून श्वास कोंडण्याचा धोका असतो. डॉक्टर नव्या चिठ्ठीवर जुनी गोळी लिहीत नाहीत, त्यांच्या दृष्टीनं ती बंद झाली. पण घरात जुन्या पाकिटातल्या बारा गोळ्या उरलेल्या असतात, आणि आपल्याकडे उरलेली गोळी टाकून द्यायची पद्धत नाही. सुनेच्या हिशेबानं, “जुन्या संपेपर्यंत दोन्ही घ्या.” म्हणून ताईंचा आग्रह असतो की घरातला औषधांचा डबा जसाच्या तसा दुकानात आणावा. तो काउंटरवर रिकामा केला की एकेक प्रकार बाहेर पडतो. दोन कंपन्यांच्या दोन नावांची एकच गोळी, दोन्ही चालू. अ‍ॅस्पिरिन वेगळी आणि अ‍ॅस्पिरिन-अ‍ॅटोरव्हास्टॅटिनची जोडकॅप्सूलही वेगळी. तारीख उलटलेल्या गोळ्या तर असतातच.

लघवीच्या गोळीची गोष्ट खेड्यातल्या माणसालाच कळेल. जतहून मिरजेला एसटीनं यायचं, वाटेत उतरायची सोय नाही, म्हणून प्रवासाच्या दिवशी बायका ती गोळी चुकवतात. दवाखान्यात जायचा दिवस म्हणजे नेमका गोळी चुकवायचा दिवस. ताई डॉक्टरांना विचारून अशांना वेळ बदलून देतात. घरी परतल्यावर घ्या, पण चुकवू नका.

कोलेस्टेरॉलच्या गोळीवर गावोगाव शंका आहे. अंग दुखतं, पाय ओढतात, अशा तक्रारी येतात. खऱ्याही असतात. पण लंडनमध्ये २०२० साली झालेला एक छोटा प्रयोग डोळे उघडणारा आहे. त्रास होतो म्हणून स्टॅटिन सोडलेल्या ६० जणांना काही महिने स्टॅटिन, काही महिने तशीच दिसणारी बिनऔषधी गोळी आणि काही महिने काहीच नाही असं आलटूनपालटून दिलं. स्टॅटिनच्या महिन्यांत जो त्रास झाला, त्याचा ९० टक्के भाग बिनऔषधी गोळीच्या महिन्यांतही झाला होता. हे कळल्यावर निम्म्या लोकांनी पुन्हा स्टॅटिन सुरू केली. याचा अर्थ त्रास खोटा होता असा नाही. अंग दुखत होतंच, फक्त त्याचं कारण बहुतांशी गोळीतलं औषध नव्हतं. ताई हे सांगतात तेव्हा कुणाला खोट्यात काढत नाहीत. आणि स्नायू फार दुखत असतील, लघवी गडद होत असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे पाठवतात.

आषाढ-श्रावण आला की त्यांची वही भरते. एकादशी, श्रावणी सोमवार, पुढे नवरात्राचे नऊ दिवस. उपास म्हणजे गोळीलाही सुट्टी, असा कित्येकांचा समज असतो. त्यात रिव्हरॉक्झॅबॅन या रक्त पातळ करणाऱ्या औषधाची १५ किंवा २० मिलिग्रॅमची गोळी जेवणाबरोबरच घ्यावी लागते, रिकाम्या पोटी ती पुरेशी शोषली जात नाही. मग उपासाच्या दिवशी काय? ताई म्हणतात, “फराळ कराल ना? पोटभर फराळाबरोबर घ्या. निर्जळी करणार असाल तर आधी डॉक्टरांशी बोला.” उपास मोडायला त्या सांगत नाहीत. सांगून उपयोग नसतो, आणि तसा अधिकारही त्या मानत नाहीत. वारीला निघणाऱ्यांना त्या दोन महिन्यांच्या गोळ्या घ्यायला लावतात आणि तशाच कामाची डॅबिगॅट्रानची कॅप्सूल असेल तर बजावतात, मूळ पाकिटातून काढून डबीत भरू नका, तिला दमट हवा सोसत नाही, आणि उघडून पूड करून तर घेऊच नका. हृदयाची झडप बदललेल्यांची असिट्रॉम ही रक्त पातळ करणारी गोळी असेल, तर रक्ततपासणीची तारीख पाकिटावरच लिहून देतात. नारळपाणी आणि कमी सोडियमचं मीठ हृदयाला चांगलं, असं ऐकून स्पायरोनोलॅक्टोन घेणारे लोक दोन्ही सुरू करतात. त्यानं पोटॅशियम वाढतं, हेही सांगावं लागतं.

पैशाचा प्रश्न तर आहेच. फेब्रुवारी २०१७ मध्ये केंद्र सरकारनं औषधाचा लेप असलेल्या जाळीच्या किमतीवर २९,६०० रुपयांची मर्यादा घातली, त्याची देशभर चर्चा झाली. पण जाळी एकदाच लागते, गोळ्या दर महिन्याला. “पाच दिवसांच्या द्या” हे वाक्य काउंटरवर रोज ऐकू येतं. पट्टी कापून दिली की तारीख आणि नाव दुसऱ्या तुकड्यावर राहतं, आणि सहाव्या दिवशी माणूस येईलच याची खात्री नसते. ताई अशांना उघड सांगतात की स्वस्तातलं त्याच औषधाचं दुसरं नाव आहे, किंवा जनऔषधी केंद्रात चौकशी करा. नफा कमी होतो, पण गोळी चालू राहते. शिवाय नव्या औषधांच्या किमती खरंच उतरल्या आहेत. सॅक्युबिट्रिल-वल्सार्टन २०२३ च्या सुरुवातीपासून अनेक भारतीय कंपन्यांचं मिळू लागलं. मार्च २०२५ मध्ये एम्पाग्लिफ्लोझिनचं पेटंट संपलं, तेव्हा काही कंपन्यांनी ते मूळ किमतीच्या जवळपास दहाव्या हिश्शाला आणलं. ज्यांनी महाग म्हणून गोळी सोडली होती, त्यांना ही बातमी कुणी दिली? वर्तमानपत्रातल्या अर्थविषयक पानावरून ती जतच्या आजोबांपर्यंत पोचत नाही. ताईंनी जुन्या वह्या काढून फोन केले.

तरीही सगळा दोष किमतीवर टाकता येत नाही. अमेरिकेत हार्ट अटॅकनंतरची औषधं फुकट देऊन पाहिली. २०११ साली निष्कर्ष आले, तेव्हा नीट औषध घेणाऱ्यांचं प्रमाण अवघं ४ ते ६ टक्क्यांनी वाढलं होतं. फुकट दिलेली गोळीही जवळपास निम्मे लोक नीट घेत नाहीत. उलट भारतातल्या १४ रुग्णालयांत झालेल्या आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात प्रशिक्षित आरोग्यसेवकांनी हृदयरुग्णांशी वरचेवर बोलून पाठपुरावा केला, आणि वर्षभरानं औषधं चालू असणारे ९२ ऐवजी ९७ टक्के निघाले. बोलण्याचा उपयोग आपल्याकडेही होतो, हे त्यावरून दिसतं. आणि गरज किती आहे? २०११ मध्येच प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत, ज्या गरीब देशांच्या गटात भारत होता, तिथल्या हृदयविकार किंवा पक्षाघात होऊन गेलेल्या लोकांपैकी ८० टक्के जण ठरलेल्या औषधांपैकी एकही घेत नव्हते.

हे काम फार्मासिस्टनं करावं असं कायद्यालाही वाटतं. फार्मसी कौन्सिल ऑफ इंडियाच्या २०१५ च्या नियमांत रुग्णाला औषधाची माहिती देणं, समुपदेशन करणं ही नोंदणीकृत फार्मासिस्टची जबाबदारी सांगितली आहे. २००८ पासून देशात सहा वर्षांचा फार्म.डी. अभ्यासक्रम आहे, त्यात हेच शिकवतात. पण कित्येक दुकानांत परवाना भिंतीवर असतो आणि काउंटरवर दुसराच मुलगा उभा असतो. जिथे फार्मासिस्ट खरोखर हजर आहे, तिथेही त्याच्या बोलण्याला कुणी एक रुपया देत नाही. गोळी विकली तर पैसे, गोळी समजावून सांगितली तर नाही. इंग्लंडनं या बोलण्याला मोबदला ठरवून दिला, म्हणून ते टिकलं. आपल्याकडे ज्या सरकारी योजनेतून अँजिओप्लास्टी होते, त्याच योजनेत पुढच्या तीन महिन्यांच्या तीन फोनचे थोडे पैसे जवळच्या फार्मासिस्टला मिळाले, तर ताईंसारख्या कामाला केवळ एका बाईच्या कळकळीवर अवलंबून राहावं लागणार नाही.

तोवर वाचकांनी एक करावं. घरात कुणाला हृदयाची नवीन गोळी सुरू झाली असेल, तर दहाव्या दिवशी जुन्या-नव्या सगळ्या गोळ्या एका पिशवीत घालून नेहमीच्या मेडिकलमध्ये जा. तिथला फार्मासिस्ट कोण आहे ते विचारा. कुठली गोळी चुकते, कशानं त्रास होतो, कुठली परवडत नाही, ते त्याला न लाजता सांगा. आणि रक्त पातळ करणारी गोळी थांबवायला कुणीही सांगितलं, मग ते दाताचे डॉक्टर असोत, शेजारी असोत की मोबाइलवरचा व्हिडिओ, तर ती थांबवण्याआधी आपल्या हृदयाच्या डॉक्टरांना फोन करा.